‘मायनरांनी मंजुरी दिली’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिटकॉइनच्या नियमांत काही बदल व्हायचा असला की वर्तमानपत्रांत दोन वाक्ये हमखास छापून येतात. ‘या बदलाला नव्वद टक्के मायनरांनी मंजुरी दिली’ हे एक (मायनर म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे बांधून त्याची मजुरी मिळवणारे), आणि ‘बिटकॉइनवर कोणाचेच नियंत्रण नाही’ हे दुसरे. कित्येकदा ती एकाच बातमीत असतात. मंजुरी देणारा कोणी असेल तर नियंत्रणही त्याचेच म्हणायला हवे. आणि नियंत्रण कोणाचेच नसेल तर मंजुरी मागितली कोणाकडे? दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. बदल कसा होतो, तो कोण अडवू शकतो आणि कुठे बिनसते हे तपशिलात गेल्याशिवाय ती चूक कळत नाही, म्हणून पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर शेरे कापा, आकडे ठेवा.

सुरुवात नोडपासून. नोड म्हणजे बिटकॉइनचा प्रोग्रॅम चालू असलेला कोणताही संगणक. घरातला जुना लॅपटॉपही चालतो. साधारण दर दहा मिनिटांनी कोणा मायनरने बांधलेला नवा ब्लॉक, म्हणजे आधीच्या ब्लॉकला साखळीसारखा जोडलेला व्यवहारांचा गठ्ठा, त्याच्याकडे येतो. बांधणारा लहान की मोठा, याच्याशी नोडला कर्तव्य नसते. तो आपल्याकडची नियमांची यादी लावतो: ब्लॉक बांधताना सोडवाव्या लागणाऱ्या गणिती कोड्याचे उत्तर बरोबर आहे का, प्रत्येक व्यवहाराची सही जुळते का, तेच नाणे कोणी दोनदा खर्च केले नाही ना, आणि मायनरने स्वतःच्या पदरात किती पाडून घेतले. एप्रिल २०२४ पासून ही मजुरी ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आहे, अधिक त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांचे शुल्क. त्यापेक्षा एक सतोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग, जरी जास्त घेतला असेल तरी अख्खा ब्लॉक केरात. आपल्याकडच्या वाढीव बांधकामासारखी दंड भरून नियमित करून घेण्याची सोय इथे नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हे वचन कोणा संस्थेने दिलेले नाही. दर २,१०,००० ब्लॉकनंतर मजुरी निम्मी धरायची हा हिशेब प्रत्येक नोड स्वतः करतो, म्हणून ते टिकून आहे.

आता हा नियम बदलायचा झाला तर? प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. त्याला ‘बिप’ म्हणतात. तो ठरलेल्या नमुन्यात लिहिला की संपादक त्याला क्रमांक देतात. हा क्रमांक सरकारी कचेरीतल्या आवक क्रमांकासारखा: कागद पोचला, विषय लागू आहे, मजकूर समजतो, एवढाच त्याचा अर्थ. हे काम इतक्या थोड्या लोकांवर येऊन पडले होते की कागद तुंबू लागले. एप्रिल २०२४ मध्ये पाच नवे संपादक नेमावे लागले. ‘अमुक बिप मंजूर झाले’ अशी बातमी क्रमांक पडल्याबरोबर येते ती म्हणूनच घाईची असते.

प्रस्तावानंतर कोड. बहुतेक नोडांवर चालतो तो ‘बिटकॉइन कोअर’. त्यात दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो, पण ती मुख्य कोडमध्ये ओढून घेण्याची किल्ली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मेंटेनरांकडे असते. त्यांच्यात मतदान होत नाही. जाणकारांपैकी कोणी ठोस तांत्रिक हरकत घेतली आणि तिचे उत्तर मिळाले नाही, तर दुरुस्ती पडून राहते, वर्षानुवर्षेही. या किल्लीचे लोकांना फार अप्रूप वाटते. बिटकॉइनचा अज्ञात जनक सतोशी याने काढता पाय घेतल्यावर ज्यांच्याकडे धुरा आली त्या गॅविन अँड्रेसन यांची किल्ली मे २०१६ मध्ये काढून घेण्यात आली, आणि नेटवर्कवर ओरखडाही उमटला नाही. ब्लॉक येत राहिले. कारण साधे आहे: कोअरमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. मेंटेनरांनी उद्या काहीही छापले, तरी नोडचा मालक ते उतरवून घेऊन बसवत नाही तोवर त्याच्या घरी जुनाच नियम चालतो.

बदल दोन जातींचे असतात. नियम आवळणारा तो सॉफ्ट फोर्क, सैल करणारा तो हार्ड फोर्क. काल जे चालत होते त्यातले काही आजपासून चालणार नाही असे ठरले, तर जुन्या नोडला खटकण्यासारखे काहीच घडत नाही. नवे ब्लॉक त्याच्या जुन्या यादीतही बसतात. उलट, ब्लॉकच्या आकाराची जुनी एक मेगाबाइटची मर्यादा दोनवर न्यायची म्हटली की जुना नोड तो मोठा ब्लॉक फेकून देतो. मग सगळ्यांनी एका ठराविक ब्लॉकपासून एकदम बदलायचे, नाही तर एका नाण्याची दोन नाणी होतात. सॉफ्ट फोर्क सोयीचा आहे यात शंका नाही, पण त्याची एक बाजू समर्थक हळूच गिळतात: जुन्या नोडची संमती तिथे विचारलीच जात नाही. त्याला कळतही नाही की नियम बदलला.

सॉफ्ट फोर्क लागू करताना मायनरांचा सहभाग लागतो, आणि ‘मंजुरी’ची गफलत इथेच होते. ब्लॉकच्या शीर्षात आवृत्तीचा एक आकडा असतो. त्यातला ठराविक बिट मायनरने चालू केला की ती तयारीची खूण. मोजणी २०१६ ब्लॉकच्या, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या, एकेका टप्प्यात होते. पूर्वी ९५ टक्के लागत, म्हणजे १९१६ ब्लॉक. टॅपरूट नावाच्या सॉफ्ट फोर्कच्या वेळी ९० टक्के ठरले, म्हणजे १८१५. ती संख्या १२ जून २०२१ रोजी भरली. मंजुरीच असती तर नियम दुसऱ्या दिवशी लागू व्हायला हवा होता. तो लागू झाला १४ नोव्हेंबरला, ७,०९,६३२ व्या ब्लॉकपासून. मधले पाच महिने नोड चालवणाऱ्यांनी नवी आवृत्ती बसवावी म्हणून ठेवलेले होते. मायनरांनी सांगितले ते इतकेच, की आम्ही नव्या नियमाने ब्लॉक बांधायला तयार आहोत. आणि ‘नव्वद टक्के मायनर’ म्हणजे हजारो माणसे असेही नाही. यंत्रे हजारोंची असतात, पण ब्लॉकमध्ये काय घालायचे आणि कोणता बिट चालू करायचा हे बहुधा मायनिंग पूल, म्हणजे अनेकांच्या यंत्रांची एकत्र मोट, चालवणारा ठरवतो, आणि मोठे पूल डझनभरही नाहीत. यंत्राचा मालक फक्त वीज आणि गणिताची ताकद पुरवतो.

खूण फुकट असते हेही ध्यानात ठेवावे. बिट चालू केला म्हणून नवा नियम खरोखर तपासला जातोच असे नाही. ४ जुलै २०१५ रोजी हे महागात पडले. सह्यांचा साचा काटेकोर करणारा ६६ क्रमांकाचा बिप लागू व्हायचा होता. त्या काळी शेवटच्या १००० पैकी ९५० ब्लॉकवर खूण लागे. ती भरली आणि नियम लागू झाला. थोड्याच वेळात, जुनी आवृत्ती चालवणाऱ्या एका लहान मायनरने नव्या नियमात न बसणारा ब्लॉक बांधला. हे अपेक्षितच होते. उरलेले पाच टक्के कुठे तरी असणारच. पंचाण्णव टक्क्यांनी तो नाकारायचा, की विषय संपला. पण खूण केलेल्या मोठ्या पुलांपैकी काहींनी वेळ वाचवण्यासाठी एक आडवाट धरली होती: दुसऱ्याचा ब्लॉक पूर्ण उतरवून तपासायचा नाही, नुसते त्याचे शीर्ष पाहून त्याच्यावर पुढचा रचायला घ्यायचा. त्यांनी त्या बाद ब्लॉकवर इमला चढवला. बाद साखळी सहा ब्लॉक लांब झाली. अद्ययावत नोडांनी ती ढुंकूनही पाहिली नाही. ब्लॉकमागे २५ बिटकॉइन मजुरीचा तो काळ. दीडशे बिटकॉइनची मेहनत पाण्यात गेली. स्वतः काही न तपासणाऱ्या हलक्या वॉलेटवाल्यांना मात्र ती साखळी खरी वाटत होती, आणि नेहमीपेक्षा तीस ब्लॉक जास्त थांबा असे त्यांना सांगावे लागले. नऊशे पन्नास खुणांचा अर्थ किती पातळ असू शकतो, हे त्या दिवशी दिसले.

याच्याही आधी, मार्च २०१३ मध्ये, बहुमताची हॅशपॉवर, म्हणजे मायनिंगची गणिती ताकद, ज्या बाजूला होती ती बाजूच मोडीत काढावी लागली होती. कोअरची ०.८ आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्यात आतला डेटाबेस बदलला होता. जुन्या ०.७ मधल्या डेटाबेसला एका वेळी किती नोंदींवर कुलूप घालता येईल याची मर्यादा होती, आणि ही मर्यादा म्हणजे नकळत एक नियमच बनून बसली आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. २,२५,४३० व्या ब्लॉकला ती मर्यादा पुरली नाही. ०.८ ने तो घेतला, ०.७ ने नाकारला, आणि साखळी दुभंगली. ०.८ च्या बाजूला मायनिंगची ताकद जास्त होती. तरीही विकसकांनी चॅटरूममध्ये बसून ठरवले की मागे फिरायचे, कारण दुकाने, एक्स्चेंज आणि सर्वसामान्यांचे नोड बहुतांशी जुन्यावर होते. त्यांना रातोरात हलवणे अशक्य, पुलांना हलवणे शक्य. मोठ्या पुलांनी आपली कमाई सोडून ०.७ परत बसवली आणि काही तासांत जुनी साखळी पुढे गेली. निर्णय शहाणपणाचा होता. पण तो मूठभर लोकांनी चॅटरूममध्ये घेतला हेही तितकेच खरे, आणि विकेंद्रित चलनाचे गोडवे गाणारे ही आठवण सहसा काढत नाहीत.

अशा प्रसंगांत विकसकांचे वजन खरे असते. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ व्या ब्लॉकमध्ये १८ हजार ४४६ कोटींहून अधिक बिटकॉइन एका फटक्यात तयार झाले. दोन प्रचंड रकमांची बेरीज प्रोग्रॅमला मावेना, आकडा उलटा फिरला आणि तपासणीतून सुटला. सतोशीने काही तासांत ०.३.१० आवृत्ती काढली, लोकांनी ती बसवली आणि चुकीचा फाटा सोडून दिला. सप्टेंबर २०१८ मधला प्रसंग जास्त विचार करायला लावणारा आहे. वेग वाढवण्याच्या नादात एक तपासणी वगळली गेली होती, आणि त्यातून एकच नाणे एका व्यवहारात दोनदा खर्चून जादा नाणी निर्माण करता आली असती. १८ सप्टेंबरला ०.१६.३ जाहीर झाली तेव्हा लोकांना सांगितले गेले की या दोषाने नोड बंद पाडता येतो. जादा नाण्यांचा धोका आहे हे दोन दिवसांनी उघड केले. चोराला वाट दाखवायची नाही म्हणून ते बरोबरच केले. तरी अर्थ काय होतो? संकटाच्या वेळी काय बसवायचे, का बसवायचे, आणि त्यामागचे खरे कारण कधी कळू द्यायचे, हे पाच-दहा माणसांच्या हाती असते. बाकीचे विश्वासाने बसवतात.

आता २०१७ कडे येतो. ‘कोण ठरवतो’ या प्रश्नाची सगळ्यात कडक परीक्षा तेव्हा झाली.

ब्लॉकला एक मेगाबाइटची मर्यादा सतोशीनेच २०१० मध्ये खबरदारी म्हणून घातली होती. पुढे ब्लॉक भरून वाहू लागले, शुल्क वाढले आणि दोन तट पडले. एकाला मर्यादा वाढवून हवी होती, म्हणजे हार्ड फोर्क. दुसऱ्याने सेगविट पुढे केले: सह्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, जुन्या मोजणीतून त्यांना वगळायचे, की सॉफ्ट फोर्कनेच जागा वाढते. सेगविटच्या खुणा नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्या. ९५ टक्के हव्या होत्या. महिनोन्‌महिने आकडा तिशीच्या आसपास घुटमळत राहिला. तयारी दाखवण्याची सोय नकार देण्याचे हत्यार बनली.

२३ मे २०१७ रोजी न्यूयॉर्क करार जाहीर झाला. २२ देशांतल्या ५८ कंपन्या आणि ८३.२८ टक्के हॅशपॉवर एका बाजूला. आधी सेगविट, मग सहा महिन्यांत दोन मेगाबाइटचा हार्ड फोर्क, असा तो सौदा होता, नाव सेगविट-टू-एक्स. मोठी एक्स्चेंज, मोठी वॉलेट आणि मोठे पूल एकत्र आल्यावर आणखी कोण उरले, असे त्या वेळी भल्याभल्यांना वाटले. दुसरीकडे ‘शाओलिनफ्राय’ हे टोपणनाव घेतलेल्या एका विकसकाचा १४८ क्रमांकाचा बिप काही नोडधारकांनी बसवायला घेतला होता. त्याचे म्हणणे सरळ होते: १ ऑगस्टपासून ज्या ब्लॉकवर सेगविटची खूण नसेल तो आमचा नोड नाकारणार. यात जोखीम दोन्हीकडे होती. हे नोड थोडे निघाले असते तर तेच एका किरकोळ साखळीवर एकटे पडले असते. पण पुरेसे निघाले असते तर मायनरांनी वीज जाळून बांधलेले ब्लॉक घ्यायला गिऱ्हाईक उरले नसते. १ ऑगस्टच्या आधी ९१ क्रमांकाचा बिप मधली वाट म्हणून आला: ३३६ ब्लॉकचा छोटा टप्पा, त्यातले ८० टक्के, म्हणजे २६९. महिनोन्‌महिने न हललेले पूल जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात धडाधड खुणा करू लागले. सेगविट २४ ऑगस्टला, ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून लागू झाले. मोठ्या ब्लॉकच्या आग्रही गटाने १ ऑगस्टलाच, ४,७८,५५८ व्या ब्लॉकनंतर वेगळी चूल मांडली आणि आठ मेगाबाइटचे बिटकॉइन कॅश सुरू केले. ते त्यांच्या हक्कात होते. त्यांना कोणी अडवले नाही. त्यांच्या मागे मात्र फार कोणी गेले नाही.

सेगविट करारामुळे आले की १४८ च्या धाकाने, यावर आजही दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. सौद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा निकाल मात्र वादापलीकडचा आहे. हार्ड फोर्क ४,९४,७८४ व्या ब्लॉकला, नोव्हेंबरच्या मध्यास व्हायचा होता. कोअरचे विकसक विरोधात होते, नोडधारकांनी नवा प्रोग्रॅम बसवायला घेतला नाही, आणि होऊ घातलेल्या नाण्याचे आगाऊ सौदे जिथे चालत होते तिथे त्याला मूळ नाण्याच्या भावाचा लहानसा हिस्साच मिळत होता. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी कराराच्या पुरस्कर्त्यांनी पुरेसे एकमत नसल्याचे सांगून बेत मागे घेतला. याच तारखेला, बरोबर वर्षभर आधी, आपल्याकडे रात्री आठच्या एका भाषणाने पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या होत्या. चलनाचा नियम बदलण्याच्या दोन पद्धतींतला फरक यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

या प्रकरणाला एक तळटीप आहे. बेत रद्द झाला तरी ज्यांनी तो प्रोग्रॅम बसवून ठेवला होता, त्यांचे नोड ठरलेल्या ब्लॉकच्या जरासे आधी, ४,९४,७८२ वर अडकून पडले. फोर्कचा ब्लॉक एक मेगाबाइटहून मोठाच असला पाहिजे अशी सक्ती कोडमध्ये होती, आणि मोजणीत एका आकड्याची चूक होती. ५८ कंपन्यांच्या सह्या असलेला बदल प्रत्यक्षात झाला असता, तर पहिल्याच पायरीवर अडखळला असता.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण शुद्धलेखनाचे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, चार १९७२ मध्ये वाढले. ते रुळले कारण पाठ्यपुस्तकांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी ते पाळले. ज्याने जुने अनुस्वार देणे चालू ठेवले त्याचेही लिहिणे आपण वाचतोच. बिटकॉइनमध्ये एवढी उदारता नाही. एका नियमाचा फरक पडला की समोरच्याचे वाक्य अशुद्ध ठरत नाही, ते ऐकूच येत नाही.

मग निर्णय नोडांच्या संख्येवर होतो का? तेही नाही. भाड्याच्या सर्व्हरवर एका दुपारीत हजार नोड उभे करता येतात. डोकी मोजण्याची पद्धत त्यामुळे बाद ठरते. वजन असते ते ज्या नोडवर कोणी प्रत्यक्ष पैसे घेतो त्याला. एखाद्या एक्स्चेंजचा एकच नोड ‘हे नाणे मी बिटकॉइन म्हणून स्वीकारत नाही’ म्हणाला तर मायनरच्या पोटाला चिमटा बसतो. कपाटात नुसत्या चालू ठेवलेल्या नोडचे कोणाला काही वाटत नाही. थोडक्यात, अमुक करा असा हुकूम इथे कोणीच सोडू शकत नाही, पण हे आम्ही घेणार नाही असे म्हणणारे बरेच आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअरची तिसावी आवृत्ती आली तेव्हाचा गदारोळही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. व्यवहारासोबत जोडायच्या इतर मजकुराची मर्यादा ऐंशीच्या आसपास बाइटांची होती. ती मूळ मांडणीत, म्हणजे प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये, एक लाख बाइटांवर नेली. नाराज झालेल्या बऱ्याच जणांनी कोअर सोडून ‘नॉट्स’ हा दुसरा प्रोग्रॅम बसवला. ‘बिटकॉइन फुटणार’ अशा बातम्याही आल्या. पण ती मर्यादा सहमतीचा नियम, म्हणजे ब्लॉक चालेल की बाद हे ठरवणारा नियम, नव्हतीच. कोणता व्यवहार आपण शेजाऱ्याकडे पुढे सरकवायचा, एवढ्यापुरते ते धोरण होते. नॉट्सचा नोड असा व्यवहार पुढे ढकलत नाही, पण मायनरने तो ब्लॉकमध्ये घातला तर ब्लॉक मुकाट्याने स्वीकारतो. त्यातून साखळी दुभंगत नाही. खरा मुद्दा मूळ मांडणीचा आहे: बहुसंख्य लोक आलेली सेटिंग कधीच बदलत नाहीत, त्यामुळे ती ठरवणाऱ्याच्या हाती नियम न बदलताही बरेच काही असते.

भारतातल्या बहुतेक बिटकॉइनधारकांचे काय? त्यांची नाणी एक्स्चेंजकडे असतात, म्हणजे नोड एक्स्चेंजचा, नाणी खर्चण्याची गुप्त किल्ली एक्स्चेंजची आणि नकारही एक्स्चेंजचाच. २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश वेगळे झाले तेव्हा ज्यांच्या किल्ल्या स्वतःकडे होत्या त्यांना नवे नाणे त्याच दिवशी मिळाले. अमेरिकेतल्या कॉइनबेसच्या ग्राहकांना ते डिसेंबरात मिळाले, कारण ते कधी द्यायचे हे कॉइनबेस ठरवत होती. १ एप्रिल २०२२ पासूनचा ३० टक्के कर, त्याच वर्षी १ जुलैपासूनचा एक टक्का टीडीएस, किंवा बँकांवरची रिझर्व्ह बँकेची बंदी उठवणारा ४ मार्च २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ही सगळी नाण्याभोवतीची कुंपणे आहेत. ब्लॉकमध्ये काय बसेल ते त्यांतले एकही ठरवत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट. तिथे नियम बदलायला रिझर्व्ह बँक पुरेशी आहे, आणि ते लपवलेलेही नाही.

ज्यांना आपला नकार आपल्या हाती हवा असेल त्यांना खर्च फार नाही, चिकाटी लागते. संपूर्ण साखळी सातशे गीगाबाइटच्या पुढे गेली आहे, म्हणून एक टेराबाइटची एसएसडी घ्यावी. जुनी फिरती हार्डडिस्क लावण्याचा मोह टाळावा: नोड सारखा इकडून तिकडून लहान लहान नोंदी वाचत असतो, आणि अशा डिस्कवर दोन-तीन दिवसांचे काम आठवडे खाते. जागा नसेल तर छाटणीची सेटिंग ५५० मेगाबाइटपर्यंत खाली आणता येते. चालू नाण्यांच्या यादीला दहा-बारा गीगाबाइट वेगळे लागतातच, आणि पहिल्यांदा सगळी साखळी उतरवून तपासावीही लागते, फक्त जुने ब्लॉक नंतर टाकून दिले जातात. तपासणीत सूट नाही. वीज अचानक गेली तर डेटाबेस बिघडू शकतो आणि पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो. छाटणी केलेली असेल तर सगळे पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टरवर टाकलेला बरा.

प्रोग्रॅम उतरवताना सोबतच्या यादीतला हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवून थांबू नये. ज्याने बनावट प्रोग्रॅम ठेवला तो यादीही बनावट ठेवेल. त्या यादीवर अनेक जणांनी केलेल्या सह्या तपासाव्यात, आणि त्या सह्या पडताळण्याच्या जाहीर किल्ल्या दुसऱ्या ठिकाणाहून मिळवाव्यात. शेवटी आपले वॉलेट आपल्याच नोडला जोडावे. हे बहुतेक जण विसरतात. मग नोड एकीकडे चालतो, वॉलेट परक्या सर्व्हरला विचारून शिल्लक दाखवते, आणि नोडचा उपयोग वीजबिलापुरता उरतो.

साखळी दुभंगण्याची चिन्हे दिसली तर पहिले दोन-तीन दिवस काहीही पाठवू नये. दोन्ही साखळ्यांना सही सारखीच मान्य असेल तर एका बाजूला केलेला व्यवहार कोणीही उचलून दुसऱ्या बाजूला लावू शकतो आणि दोन्हीकडची नाणी जातात. बिटकॉइन कॅशने सहीची पद्धत बदलून हा धोका टाळला होता. सेगविट-टू-एक्समध्ये तसा भक्कम बंदोबस्त नव्हता. नाणी एक्स्चेंजवर असतील तर दुभंगाच्या वेळी कोणत्या साखळीला बिटकॉइन म्हणणार आणि दुसऱ्या बाजूचे नाणे देणार का, हे दोन प्रश्न आधीच लेखी विचारून ठेवावेत.

आपल्या बातमीदारांना एवढीच विनंती, की ‘मायनरांनी मंजुरी दिली’ याऐवजी ‘अमुक टक्के हॅशपॉवरने तयारीची खूण केली’ असे लिहावे, बदल सॉफ्ट फोर्कचा, हार्ड फोर्कचा की नुसता धोरणाचा ते सांगावे, आणि तो कितव्या ब्लॉकपासून लागू होणार तो आकडा द्यावा. नोड चालवणाऱ्याला तारखेपेक्षा तोच उपयोगी पडतो.

आपला,
एक वाचक, डोंबिवली